गाडी आपली, फेरफार कुणाच्या परवानगीने?

कॅलिफोर्नियाच्या मोहावी वाळवंटात, ल्यूसर्न व्हॅलीच्या पूर्वेस, मीन्स ड्राय लेक नावाचे एक कोरडे तळे आहे. वर्षातले बहुतेक दिवस तिथे वारा आणि धूळ यांखेरीज काही नसते. जानेवारीच्या अखेरीस मात्र या तळ्याच्या पात्रात एक तात्पुरते गाव वसते. मोटारघरे, तंबू, वेल्डिंगची यंत्रे, टायरांचे ढीग आणि रात्रभर धडधडणारे जनरेटर यांच्या या गावाला ‘हॅमरटाउन’ म्हणतात. ‘किंग ऑफ द हॅमर्स’ ही ऑफ-रोड शर्यत इथे भरते. एका दिवसात पार पडणाऱ्या शर्यतींपैकी ती जगातली सर्वांत खडतर असल्याचे तिचे चाहते अभिमानाने सांगतात. डेव्ह कोल आणि जेफ नोल यांनी २००७ मध्ये मोजक्या मित्रांना घेऊन जी चुरस लावली, तिला आज हजारो प्रेक्षक, मोठे प्रायोजक आणि मोटार कंपन्यांचे अधिकृत संघ लाभले आहेत.

या शर्यतीचे वैशिष्ट्य म्हणजे ती एकाच गाडीकडून दोन परस्परविरोधी गोष्टी मागते. मोकळ्या वाळवंटात गाडीने ताशी शंभर मैलांच्या आसपास वेग गाठायचा आणि काही मिनिटांतच जॅकहॅमर, स्लेजहॅमर, क्लॉहॅमर अशा हातोड्यांची नावे धारण करणाऱ्या घळींत शिरून, माणसाच्या उंचीच्या खडकांवरून गोगलगाईच्या गतीने चढायचे. कारखान्यातून बाहेर पडलेली कोणतीही सर्वसाधारण गाडी या दोन्ही परीक्षांना उतरत नाही. त्यामुळे इथे उतरणारी प्रत्येक गाडी ही फेरफार केलेली किंवा मुळापासून हाताने घडवलेली असते.

खडकांशी चाललेली ही झुंज सर्वांना दिसते. तिच्यामागे चाललेली दुसरी झुंज वॉशिंग्टनच्या समित्यांत, न्यायालयांत आणि भूव्यवस्थापन विभागाच्या कचेऱ्यांत गेली काही दशके रेंगाळली आहे. विकत घेतलेल्या गाडीत मालकाने किती बदल करावेत, आणि त्या बदलांची झळ ज्या हवेला, जमिनीला आणि माणसांना लागते त्यांच्या वतीने कोणी बोलावे, हा तिचा विषय. अमेरिकेत स्थिरावलेल्या आणि शनिवार-रविवारी रँग्लर, ब्रॉन्को किंवा फोररनर घेऊन डोंगरवाटा धुंडाळणाऱ्या मराठी घरांनाही हा प्रश्न आता परका राहिलेला नाही.

एक बदल, दहा परिणाम

फेरफार म्हणजे हौसेखातर चढवलेला साज, असा एक समज आहे. प्रत्यक्षात स्पर्धेच्या गाडीतला प्रत्येक बदल पुढच्या बदलाला आमंत्रण देतो. टायरचेच उदाहरण घेता येईल. जीप रँग्लर रुबिकॉनला कारखान्यातून ३३ इंची टायर येतात. त्यांच्या जागी ४० इंची टायर चढवले, तर अ‍ॅक्सल जमिनीपासून साडेतीन इंचांनी वर उचलला जातो आणि खडक अडकण्याची शक्यता घटते. हा लाभ झाला. परंतु मोठ्या चाकाला फिरवायला अधिक जोर लागतो. अ‍ॅक्सलमधील ४.१० प्रमाणाचे गिअर ४० इंची टायरवर जेमतेम ३.४ प्रमाणासारखे वागू लागते. मूळ जोर परत हवा असेल, तर ते प्रमाण पाचाच्या जवळ न्यावे लागते.

गिअर बदलले तरी काम संपत नाही. वाढलेले वजन आणि वाढलेली तरफ पेलायला जाड अ‍ॅक्सल शाफ्ट हवेत, थांबवायला मोठे ब्रेक हवेत, वळवायला हायड्रॉलिक मदत असलेले सुकाणू हवे. टायर कमानीला घासू नयेत म्हणून गाडीचा सांगाडा उचलावा लागतो. सांगाडा उचलला की गुरुत्वमध्य वर सरकतो आणि वळणावर गाडी कलंडण्याची भीती वाढते. वेगाचा काटादेखील फसवू लागतो. त्याचे गणित नव्याने जुळवले नाही, तर काटा ताशी ६० मैल दाखवत असताना गाडी वास्तवात सुमारे ७३ मैलांनी धावत असते. २०१२ च्या मॉडेलपासून अमेरिकेतल्या सर्व हलक्या गाड्यांना बंधनकारक झालेली इलेक्ट्रॉनिक स्थिरता-नियंत्रण यंत्रणा मूळ उंची, मूळ वजन आणि मूळ टायर गृहीत धरून जुळवलेली असते. ही गृहीतके बदलली की तिचा अंदाजही चुकण्याचा संभव असतो.

खडक चढण्याची क्षमता मोजायला जाणकार एक साधा गुणाकार करतात. पहिल्या गिअरचे प्रमाण, ट्रान्स्फर केसच्या ‘लो’ स्थितीचे प्रमाण आणि अ‍ॅक्सलचे प्रमाण यांचा तो गुणाकार. हाताने गिअर बदलण्याच्या आताच्या पिढीच्या रुबिकॉनमध्ये तो ५.१३, ४ आणि ४.१० यांचा, म्हणजे सुमारे ८४ येतो. इंजिन ८४ वेळा फिरते तेव्हा चाक एकदा फिरते. गती इतकी मंदावल्यामुळे चालक ब्रेकवर पाय न दाबताही गाडी दगडावरून अलगद उतरवू शकतो. त्याच्या जोडीला डिफरन्शियल लॉक असतो. एक चाक हवेत लोंबकळत असताना सगळा जोर त्याच चाकातून वाया जाऊ नये, ही त्याची कामगिरी. टायरमधली हवाही पुष्कळ कमी केली जाते. हवा कमी झालेला टायर दगडाला मुठीसारखा धरतो, पण रिमवरून निसटूही शकतो. म्हणून त्याची कड आवळून धरणारे बीडलॉक रिम बसवतात.

हे सारे वेगासाठी व पकडीसाठी झाले. माणसासाठीची सज्जता त्याहून महत्त्वाची असते. पोलादी नळ्यांचा रोल केज, पाच जागी बांधणारे पट्टे, हात बाहेर फेकला जाऊ नये म्हणून खिडकीची जाळी, मान व डोके सावरणारे साधन, आदळल्यावरही फुटू नये अशी इंधनाची टाकी आणि हाताशी अग्निशामक. शर्यतीपूर्वीच्या तांत्रिक तपासणीत या गोष्टी पाहिल्या जातात आणि त्यांत उणीव आढळली तर गाडीला रेषेवर उभे राहू दिले जात नाही. मुक्त फेरफारांची गाडी, मर्यादित फेरफारांची गाडी आणि मूळ बांधणी बव्हंशी राखणारी गाडी, असे वर्गही स्वतंत्र असतात. बंडखोर वृत्तीचा म्हणून ओळखला जाणारा हा खेळ आपल्या अंगणात इतका शिस्तबद्ध आहे.

मोटार कंपन्यांनी ही नाडी ओळखली आहे. २००३ मध्ये जीपने रँग्लरची रुबिकॉन आवृत्ती आणली, तेव्हा पुढेमागे डिफरन्शियल लॉक आणि दणकट अ‍ॅक्सल ग्राहकाला थेट विक्रेत्याकडेच मिळू लागले. फोर्डची ब्रॉन्को रॅप्टर कारखान्यातूनच ३७ इंची टायर घेऊन येते. निव्वळ वाळवंटी शर्यतींसाठी फोर्डने ब्रॉन्को डीआर या गाडीच्या फक्त ५० प्रती घडवण्याचे जाहीर केले. तिची किंमत अडीच लाख डॉलरच्या घरात होती आणि ती सार्वजनिक रस्त्यावर चालवण्यासाठी नव्हतीच. गॅरेजमधली कला अशा रीतीने कारखान्याच्या किंमतपत्रिकेत जाऊन बसली.

आठ मृत्यूंनंतर

गाडीच्या आतला माणूस सुरक्षित करण्याची शिस्त या खेळाने लवकर आत्मसात केली. गाडीबाहेरच्या माणसाचा विचार करायला त्याला एक भीषण संध्याकाळ लागली. १४ ऑगस्ट २०१० रोजी याच जॉन्सन व्हॅलीत ‘कॅलिफोर्निया २००’ नावाची शर्यत चालू होती. फेरफार केलेला एक ट्रक उंचवट्यावरून उडाला, ताबा सुटून उलटला आणि मार्गाला खेटून उभ्या असलेल्या गर्दीवर कोसळला. आठ प्रेक्षक मृत्युमुखी पडले. मार्ग आणि प्रेक्षक यांच्यामध्ये कठडा नव्हता. कित्येकजण धावत्या गाड्यांपासून हाताच्या अंतरावर उभे होते. जवळ उभे राहता येणे हेच अशा शर्यतींचे आकर्षण मानले जात होते.

ही जमीन संघराज्य सरकारची असून तिचा कारभार ब्यूरो ऑफ लँड मॅनेजमेंट, म्हणजे भूव्यवस्थापन विभाग पाहतो. शर्यतीला परवाना त्याच विभागाने दिला होता. नंतरच्या अंतर्गत चौकशीत, परवाना देताना आणि देखरेख करताना विभागाने स्वतःचीच कार्यपद्धती पाळली नव्हती, असा निष्कर्ष निघाला. त्यानंतर परवान्याच्या अटी कडक झाल्या. प्रेक्षकांसाठीची जागा, मार्गापासूनचे अंतर आणि वैद्यकीय व्यवस्था यांकडे अधिक काटेकोरपणे पाहिले जाऊ लागले. त्यामुळे खर्च वाढला आणि लहान आयोजकांची दमछाक झाली, अशी तक्रार या वर्तुळात ऐकू येते. ती खोटी नाही. परंतु ‘जोखीम आमची, आम्ही पाहून घेऊ’ हा या खेळाचा आवडता युक्तिवाद त्या संध्याकाळी निकालात निघाला. मरण पावलेल्यांपैकी कुणीही त्या वेळी सुकाणू हाती धरलेले नव्हते.

पायाखालची जमीन

दुसरा प्रश्न जमिनीचा. १९७२ मध्ये राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन यांनी एका कार्यकारी आदेशाद्वारे सार्वजनिक जमिनींवर ऑफ-रोड वाहनांसाठी खुली, मर्यादित आणि बंद क्षेत्रे ठरवण्यास संघराज्य विभागांना बजावले. तेव्हापासून पश्चिमेकडील राज्यांत प्रत्येक पायवाटेगणिक वाद झडत आले आहेत. वाळवंटाचा पृष्ठभाग दिसतो तसा निर्जीव नसतो. सूक्ष्मजीवांनी घट्ट धरून ठेवलेला मातीचा पातळ थर एकदा चाकाखाली तुटला की पूर्ववत व्हायला अनेक वर्षे, काही ठिकाणी दशके लागतात. मोहावीतील वाळवंटी कासव १९९० पासून संकटग्रस्त प्रजातींच्या कायद्याखाली संरक्षित आहे.

जॉन्सन व्हॅलीला सर्वांत मोठा धोका मात्र पर्यावरणवाद्यांकडून आला नाही. ट्वेंटिनाइन पाम्स येथील मरीन कोअरच्या तळाला मोठ्या तुकड्यांच्या प्रत्यक्ष गोळीबारासह सरावासाठी आणखी जमीन हवी होती आणि तळाला लागूनच हे सुमारे १ लाख ८८ हजार एकरांचे क्षेत्र पसरले होते. ऑफ-रोड संघटना, स्थानिक व्यावसायिक आणि लोकप्रतिनिधी यांनी दीर्घकाळ पाठपुरावा केल्यावर डिसेंबर २०१३ मध्ये संमत झालेल्या संरक्षण कायद्यात तडजोड निघाली. सुमारे ४३ हजार एकर निव्वळ मनोरंजनासाठी राहिले, सुमारे ५३ हजार एकर वर्षातले काही दिवस लष्कराला आणि उरलेला काळ जनतेला, असे सामाईक झाले, आणि बाकीचा मोठा भाग लष्कराकडे गेला. ‘हॅमर्स’च्या घळी वाचल्या. लष्कराकडे गेलेल्या भागातली हजाराहून अधिक कासवे २०१७ मध्ये अन्यत्र हलवण्यात आली. २०१९ च्या डिंगेल कायद्याने कॅलिफोर्नियाच्या वाळवंटातील सहा ऑफ-रोड क्षेत्रांना कायद्याचे अधिष्ठान दिले. त्यांत जॉन्सन व्हॅलीचा समावेश आहे.

या घटनाक्रमातून जो धडा मिळतो, तो या खेळाच्या भल्याचा आहे. सरकारने जमीन राखली, कारण तिचा वापर करणारे संघटित होते, परवाना घेऊन खेळत होते आणि शर्यतीनंतर कचरा उचलून जागा परत करत होते. जिथे असा हिशेब मांडता आला नाही, तिथे वाटा बंद झाल्या. यूटामधील मोआब हे जीपप्रेमींचे तीर्थक्षेत्र. तिथे १९६७ पासून ईस्टर जीप सफारी भरते. त्याच मोआबजवळच्या लॅबिरिंथ कॅन्यन आणि जेमिनी ब्रिजेस परिसरात २०२३ मध्ये भूव्यवस्थापन विभागाने ३१७ मैलांच्या वाटा वाहनांना बंद केल्या आणि त्यावरून लगेच न्यायालयीन लढाई सुरू झाली.

हवेचा कायदा आणि शर्यतीची गाडी

तिसरा आणि सर्वांत अवघड प्रश्न हवेचा. अमेरिकेच्या ‘क्लीन एअर अ‍ॅक्ट’नुसार, प्रमाणित मोटारीवरील प्रदूषण-नियंत्रक यंत्रणा काढून टाकणे किंवा निकामी करणे, तसेच ती निकामी करणारी उपकरणे बनवणे, विकणे आणि बसवणे बेकायदा आहे. ही गाडी फक्त शर्यतीसाठी वापरली जाईल, असे मालकाने म्हटले तर काय, हा वादाचा मुद्दा. जुलै २०१५ मध्ये पर्यावरण संरक्षण संस्थेने, म्हणजे ‘ईपीए’ने, अवजड वाहनांच्या उत्सर्जनाविषयीच्या प्रदीर्घ मसुद्यात एक खुलासा घातला. प्रमाणित रस्तागाडीचे शर्यतीच्या गाडीत रूपांतर केले, तरी तिची उत्सर्जन-यंत्रणा काढता येणार नाही, असा त्याचा आशय होता. सुट्या भागांच्या उद्योगाची संघटना ‘सेमा’ हिने रान उठवले आणि एप्रिल २०१६ मध्ये संस्थेने ते वाक्य मागे घेतले.

वाक्य गेले, संदिग्धता राहिली. शर्यतीसाठीच्या रूपांतराला कायदेशीर मान्यता देणारे ‘आरपीएम’ विधेयक २०१६ मध्ये प्रथम मांडले गेले. त्यानंतर ते पुनःपुन्हा काँग्रेसपुढे आले आणि प्रत्येक वेळी मंजुरीआधीच अडकले. संस्थेची भूमिका अशी की, कायद्यात रूपांतरित गाड्यांना सूट नाही. मात्र गाडी केवळ स्पर्धेत वापरली जाते आणि रस्त्यावर आणली जात नाही, असे मालकाने दाखवून दिले, तर त्याच्यामागे लागण्याची आपली प्रथा नाही. नागरिकाला प्रथेच्या भरवशावर ठेवणारी ही व्यवस्था आहे. प्रशासन बदलले की दोर कधी ताणला जातो, कधी सैल सोडला जातो. कायद्यातली अक्षरे मात्र तीच राहतात.

संस्थेच्या काळजीला आधार नाही, असेही म्हणता येणार नाही. नोव्हेंबर २०२० मध्ये तिच्या अंमलबजावणी विभागाने एक अंदाज मांडला. आधीच्या सुमारे दशकभरात साडेपाच लाखांहून अधिक डिझेल पिकअप ट्रकांची उत्सर्जन-यंत्रणा काढून टाकण्यात आली होती. त्या ट्रकांच्या आयुष्यभरात होणारे नायट्रोजन ऑक्साइडचे जादा उत्सर्जन ५ लाख ७० हजार टनांहून अधिक भरेल, असे त्यात म्हटले होते. इतके ट्रक कोणत्याही शर्यतीत उतरत नाहीत, हे उघड आहे. ‘फक्त शर्यतीसाठी’ अशी चिठ्ठी लावून विकलेली उपकरणे शाळेसमोरच्या रस्त्यावरून धूर ओकत फिरतात आणि त्यांच्या पापाचा वाटा खऱ्या स्पर्धकांच्या माथी येतो.

यातला अन्याय बारकाईने पाहिल्याशिवाय ध्यानात येत नाही. पोलादी नळ्यांपासून मुळातच शर्यतीसाठी घडवलेली, लाख डॉलरच्या पुढे खर्च झालेली गाडी कधीच रस्त्यासाठी प्रमाणित नव्हती. त्यामुळे ती या वादाबाहेर राहते. दहा-पंधरा वर्षे जुनी रँग्लर घेऊन, शनिवार-रविवारी घराच्या गॅरेजमध्ये स्वतः वेल्डिंग करून मर्यादित वर्गात उतरू पाहणारा शिक्षक किंवा मेकॅनिक मात्र, इंजिन बदलताना एखादा भाग काढला की संदिग्ध प्रदेशात सापडतो. ज्याच्याकडे पैसा, त्याला कायद्याची स्पष्टता, आणि ज्याच्याकडे नुसते कौशल्य, त्याच्या वाट्याला अनिश्चितता, असा हा उफराटा न्याय आहे.

मुंबईची जीप, मिशिगनचा वाद

रस्त्यावरची गाडी आणि रस्त्याबाहेरची गाडी यांच्यातली कायदेशीर रेषा किती अर्थपूर्ण असते, हे एका मराठी मुलखातल्या कंपनीनेही अनुभवले. विलीज कंपनीच्या जीप भारतात जोडण्याचा परवाना महिंद्रने मिळवला आणि १९४० च्या दशकाच्या अखेरीपासून त्या मुंबईत जोडल्या जाऊ लागल्या. त्याच घराण्यातली रॉक्सर ही गाडी कंपनीने मार्च २०१८ मध्ये अमेरिकेत आणली. भारतातून सुटे भाग यायचे आणि मिशिगनमधील ऑबर्न हिल्स येथे गाडी जोडली जायची. रॉक्सर प्रवासी मोटार म्हणून विकली गेली नाही. शेत, शिकार आणि डोंगरवाटांसाठीचे ऑफ-रोड वाहन म्हणून तिची विक्री झाली. त्यामुळे एअरबॅग वगैरे रस्तागाडीच्या सुरक्षा-निकषांतून ती मोकळी राहिली.

जीप या नाममुद्रेचे तत्कालीन मालक फियाट क्रायस्लर यांनी ऑगस्ट २०१८ मध्ये अमेरिकेच्या आंतरराष्ट्रीय व्यापार आयोगाकडे दाद मागितली. गाडीचे बाह्यरूप जीपची नक्कल आहे, असे त्यांचे म्हणणे होते. जून २०२० मध्ये आयोगाने महिंद्रविरुद्ध आयातबंदीचा आदेश दिला. कंपनीने पुढचा भाग आणि एकंदर रूप बदलले आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये बदललेल्या रॉक्सरला आयोगाने मोकळीक दिली. न्यायालयीन वाद त्यानंतरही चालू राहिला. एकाच कुळातल्या दोन गाड्या समोरासमोर उभ्या ठाकल्या त्या लोखंडी जाळीच्या आणि बॉनेटच्या आकारावरून. त्या वाहनाने कुठे चालावे याविषयी मात्र तंटा नव्हता, कारण ती रेषा आधीच स्पष्ट आखलेली होती. रेषा स्पष्ट असली की उद्योगाला आपली वाट शोधता येते, एवढे या प्रकरणातून दिसते.

गोव्याचा चिखल, दिल्लीचा निकाल

भारतात ही रेषा अजून आखायची आहे. गोव्यात ऐन पावसाळ्यात २०१४ पासून रेनफॉरेस्ट चॅलेंजची भारतीय फेरी सुरू झाली. ही मूळची मलेशियातली स्पर्धा. कमरेइतका चिखल, फुगलेले ओढे आणि निसरडे चढ यांतून विंचच्या दोरीवर गाडी ओढून काढण्याचे कौशल्य तिथे पणाला लागते. इगतपुरीजवळ महिंद्रचे ऑफ-रोड प्रशिक्षण केंद्र आहे. नाशिकच्या कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या थारने या छंदाला मध्यमवर्गीय घरांचे दार उघडून दिले आहे. पुणे, कोल्हापूर, बेळगाव परिसरात सह्याद्रीच्या वाटांवर फिरणारे चालक कमी नाहीत.

कायदा मात्र कठोर आहे. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होतील असा बदल मालकाला करता येत नाही. ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा अर्थ अधिक काटेकोर करत, उत्पादकाने प्रमाणित केलेल्या मूळ रचनेला छेद देणारे बदल अमान्य ठरवले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा प्रत्येक बदलासाठी पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली. पादचाऱ्यांना घातक ठरणाऱ्या बुल बारविरुद्ध केंद्राने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना सूचना दिल्या होत्या.

या कठोरपणामागचे कारण समजण्याजोगे आहे. गर्दीच्या, पादचारी आणि दुचाकींनी भरलेल्या रस्त्यांवर उंच केलेली जीप आणि पोलादी बंपर ही दुसऱ्याच्या जिवाशी केलेली हेळसांड ठरते. पण शर्यतीसाठी गाडी घडवणाऱ्याला या व्यवस्थेत जागाच नाही. नोंदणी रद्द करण्याची तरतूद आहे ती नष्ट झालेल्या किंवा कायमच्या निकामी झालेल्या वाहनासाठी. ‘ही गाडी यापुढे फक्त मैदानात उतरेल, रस्त्यावर नाही’ असे जाहीर करण्याची सोपी, सन्मानाची वाट मालकाला उपलब्ध नाही. परिणामी प्रामाणिक स्पर्धक आणि रस्त्यावर मिरवणारा हौशी, दोघे कायद्याच्या दृष्टीने एकाच ओळीत उभे राहतात.

दोन देशांचा एकच पेच

अमेरिकेने आधी मोकळीक दिली आणि मग तिच्या परिणामांशी झुंजत बसली. भारताने आधीच दार लावून घेतले. वाटा विरुद्ध असल्या तरी दोन्ही देश एकाच पेचापाशी येऊन थांबले आहेत. शर्यतीसाठी रूपांतरित केलेले वाहन, असा स्वच्छ कायदेशीर वर्ग दोन्हींकडे नाही. तो वर्ग निर्माण करण्यासाठी लागणारे घटक मात्र दोन्ही देशांच्या अनुभवात आहेत. मालकाने रस्त्याची नोंदणी कायमची परत करावी, गाडी मैदानापर्यंत ट्रेलरवरूनच न्यावी, मान्यताप्राप्त स्पर्धेच्या तांत्रिक तपासणीची नोंद जपावी, आणि उत्सर्जन-यंत्रणा निकामी करणारे उपकरण विकणाऱ्यावर ते खऱ्या शर्यतगाडीवरच बसेल याची जबाबदारी टाकावी. असे झाले तर साडेपाच लाख ट्रकांचा धूर आणि गॅरेजमधल्या मेकॅनिकची कला यांच्यात कायद्याला फरक करता येईल. भारतात पुण्यातील ‘एआरएआय’सारखी प्रमाणन संस्था आणि मोटारक्रीडा महासंघ यांनी एकत्र बसून असा आराखडा देणे अवघड नाही.

त्यावरचा आक्षेपही विचारात घ्यायला हवा. कोणताही नवा वर्ग म्हणजे नवी पळवाट, अशी भीती पर्यावरण संघटना बोलून दाखवतात आणि ‘फक्त शर्यतीसाठी’ या चिठ्ठीचा इतिहास त्यांच्या बाजूने साक्ष देतो. म्हणूनच नोंदणी परत करण्याची अट निर्णायक ठरते. रस्त्याचा हक्क सोडण्याची तयारी हीच स्पर्धकाच्या प्रामाणिकपणाची कसोटी. जो तो सोडायला तयार नाही, त्याने सर्वांना लागू असलेले नियम पाळावेत.

तोवर अमेरिकेतल्या सामान्य मालकाने काही साध्या गोष्टी ध्यानात ठेवलेल्या बऱ्या. १९७५ च्या मॅग्नुसन-मॉस कायद्यामुळे, बाहेरचा भाग बसवला एवढ्याच कारणावरून कंपनीला संपूर्ण वॉरंटी नाकारता येत नाही. त्या भागामुळेच बिघाड झाला, असे तिला दाखवावे लागते. कॅलिफोर्नियात इंजिन किंवा उत्सर्जनाशी संबंधित भाग घेताना त्याला राज्याच्या हवा संसाधन मंडळाचा आदेश क्रमांक आहे की नाही, ते तपासावे लागते. गाडीची उंची आणि बंपर यांचे नियम राज्यागणिक बदलतात. शर्यतीत झालेले नुकसान नेहमीच्या विम्यात सहसा येत नाही. शिवाय उंच केलेली गाडी सोमवारी सकाळी कार्यालयाच्या वाटेवर, लहान मुलांच्या शाळेसमोरून जाते, तेव्हा तिच्या बॉनेटपुढचे मूल चालकाला दिसते की नाही, हे कोणत्याही तपासणीपत्रकात लिहिलेले नसते.

शर्यत संपल्यावर काही दिवसांत हॅमरटाउन उठते. तंबू जातात, जनरेटर थंडावतात, कचरा वेचला जातो आणि मीन्स ड्राय लेक पुन्हा वाऱ्याच्या स्वाधीन होते. पुढच्या वर्षी तिथे पुन्हा गाव वसेल की नाही, हे इंजिनाच्या ताकदीवर ठरत नाही. जागा जशी घेतली तशी परत केली का, प्रेक्षक सुखरूप घरी गेले का, आणि ट्रेलरवरून आलेली गाडी ट्रेलरवरूनच परतली का, या तीन प्रश्नांच्या उत्तरांवर ते ठरते. फेरफार करण्याच्या स्वातंत्र्याचे आयुष्य त्या उत्तरांइतकेच आहे.